कोनाड्यातली शेवंती

फुमिए दारात आली ती लेकीला पाठीशी बांधून. हातात कपड्यांचं बोचकं.

"दुपारपर्यंत चित्र सापडलं नाही, तर मला माहेरी धाडणार आहेत," ती म्हणाली. "एकटीला. पोर घराण्याची म्हणे, ती इथंच राहणार."

खाजगी तपास करणारे मुनाकाता छत्री घेऊन उठले. त्यांचे सोबती, निवृत्त पोस्टमास्तर कोसाका, चहा अर्धा टाकून मागे निघाले.

कानाझावाच्या ओल्या गल्ल्यांतून चालताना फुमिए बोलत होती. बैठकीतल्या मोठ्या, मानाच्या कोनाड्यात आज पांढऱ्या शेवंतीचं जुनं चित्र टांगायचं होतं. ते पाहायला क्योतोहून एक जाणकार येणार होते. सकाळी मामंजींनी सगळ्यांदेखत कोठारातली चित्राची पेटी उघडली, तर आत काही नाही. आणि कोठाराची किल्ली फुमिएच्या कमरेला.

बैठकीत सासरे गेन्झो ताठ बसले होते. कोनाड्याची भिंत उघडी. मधोमध बारीक करडे ठिपके. खाली बांबूच्या नळीत पांढऱ्या शेवंतीचं एकच फूल. कोसाकांनी सवयीनं टोपी कोनाड्याच्या पाटावर टेकवली.

"उचला ती," गेन्झो म्हणाले. "तिथं माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही. केर काढायलासुद्धा."

"फूलही तुम्हीच ठेवलंत?" मुनाकातांनी विचारलं.

"पहाटे. मग सगळ्यांना बोलावून पेटी उघडली. फुलाला काय विचारता, चोर समोर उभी आहे."

सासू तोमी स्वयंपाकघरात भेटली. "कोनाड्याचं त्यांना भारी वेड," ती म्हणाली. "सुनेनं वसंतात चेरीच्या चित्राखाली चेरीची डहाळी ठेवली. म्हणाले, एकच गोष्ट दोनदा सांगणारा मूर्ख. दिवसभर जेवले नाहीत."

"शेवंतीचं चित्र शेवटचं कधी टांगलं होतं?"

"पावसाळ्यात. तेव्हा खरं तर चित्रं गुंडाळून ठेवायची. पण यंदा ह्यांना मोह सुटेना. मी म्हटलं, दमट हवा आहे. तर म्हणाले, तू भात शिजव."

मुलगा सेइइची अंगणात ओलं पान पायानं उलटंपालटं करत होता. "बाबांपुढं मी काय बोलणार?"

"बायकोसाठी तरी?"

तो पुन्हा पान उलटू लागला. कोसाका कुजबुजले, "हाच असणार. नजरेला नजर देत नाही."

"भित्रा आहे. भित्रा म्हणजे चोर नव्हे," मुनाकाता म्हणाले आणि सगळ्यांना बैठकीत बोलावलं.

"गेन्झोसान, शेवंतीच्या चित्राखाली तुम्ही शेवंतीच ठेवलीत?"

गेन्झोंची नजर बांबूच्या नळीकडं गेली.

"दुसऱ्या कुणी ठेवली असती तर मी चूक म्हटलं असतं. तुमचा हात अशी चूक करणार नाही. पहाटे, पेटी उघडण्याआधीच, तुम्हाला ठाऊक होतं की आज हे चित्र टांगलं जाणार नाही."

कोसाकांनी आ वासला. "पण आपलंच चित्र कुणी लपवतं का?"

"भिंतीवर बुरशी आहे, कोसाका. पावसाळाभर चित्र तिथंच होतं. भिंतीला लागली, ती कागदाला सोडेल? जाणकारानं एका नजरेत ओळखलं असतं, की साऱ्या गावाला शिस्त शिकवणाऱ्यानं साधा नियम मोडला. म्हणून कोठारात पेटी रिकामीच गेली. आणि लपवायची जागा? जिथं दुसरं कुणी हात लावत नाही."

मुनाकातांनी कोनाड्यालगतच्या वरच्या फडताळाची सरकती फळी ओढली. चित्राची गुंडाळी आत होती. उलगडली, तर पांढऱ्या पाकळ्यांवर काळसर डाग, दवाचे नव्हे, बुरशीचे.

फाटकाशी रिक्षा थांबली. पाहुण्यांचा आवाज आला.

"सूनबाई, राहा तू," गेन्झो घाईनं म्हणाले. "चहाचं पाणी ठेव. बाहेर कुणी काही बोलू नका."

फुमिए हलली नाही. "आधी म्हणा, मामंजी."

"काय म्हणू?"

"चोरी कुणाची ते. पाहुण्यांसमोर. नाहीतर उद्या पुन्हा कोठार उघडेल आणि पुन्हा माझ्याच कमरेकडं बोट जाईल."

"फुमिए बरोबर बोलतेय, बाबा," सेइइची म्हणाला. आवाज कापरा, पण ऐकू येईल एवढा.

पाहुणे उंबऱ्यात उभे राहिले. गेन्झो वाकले, चटईला कपाळ लागेपर्यंत.

"चित्र मी नासवलं. आळ हिच्यावर मी घातला."

फुमिएनं पाठीवरची गाठ सोडली, झोपलेली लेक मांडीवर घेतली. मग कपड्यांचं बोचकं उलगडायला घेतलं.