स्फटिकाबाहेरची एक जागा

संगणकाचा पंखा थांबला होता, आणि खोलीत कसलाच आवाज उरला नव्हता.

ही हकिगत घडलेली आहे. यंदाच्या मे महिन्यातली, वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेतली, भर दुपारी चार वाजताची. अंधाराचा तिच्याशी काही संबंध नाही.

पंखा थांबणे म्हणजे गणित संपणे. जुळून, किंवा कोलमडून.

अनुप पडद्याकडे पाहत नव्हता. त्याची थोरली बहीण पौर्णिमा फेब्रुवारीत तापाने गेली, आणि तिच्या पीएच.डी.तला एक आकडा अर्धवट राहिला. मिठासारख्या स्फटिकाच्या पृष्ठभागावर एक जादा इलेक्ट्रॉन आणून ठेवला, तर तो कुठे राहील, त्याची ऊर्जा किती असेल? प्रयोगात मोजलेली ऊर्जा ठाऊक होती. गणित तिथवर पोचत नव्हते. त्याच विषयात शिकणारा अनुप तीन आठवडे झगडत होता. तिच्या पीएच.डी.च्या सरांनी सकाळी फोनवर सांगितले होते, "आज संध्याकाळपर्यंत जुळलं नाही, तर शोधनिबंधातून तिचा भाग काढावा लागेल. नावही."

त्याने पाहिले.

आकडा… जुळला होता.

आनंद झाला नाही. ती गेल्यापासून त्याला काहीच वाटत नव्हते. त्याने फक्त फाइल उघडली.

अणूंच्या यादीत शेवटी… एक ओळ होती.

स्फटिकाच्या बाहेर, पोकळीत, जिथे एकही अणू नाही अशी एक जागा. तिथेही शोध, एवढेच ती ओळ गणिताला सांगत होती. पौर्णिमाच्या मूळ फाइलीत ती होती. तिथे अणूच नाही, म्हणजे चूक, असे समजून अनुपने ती पहिल्याच दिवशी पुसली होती.

जादा इलेक्ट्रॉन आता नेमका तिथे होता. स्फटिकात न शिरता, आणि त्याला सोडूनही न जाता.

फाइल बदलल्याची वेळ… एक वाजून दहा मिनिटे.

एक दहाला तो स्वयंपाकघरात आईसमोर जेवत होता. या खोलीतून कीबोर्डची टकटक आली होती… सलग, सरावाच्या बोटांची. आईचा हात भाकरीवर थांबला होता. अनुपने पुढचा घास घेतला होता. जेवून येऊन त्याने फाइल न पाहताच गणित सुरू केले होते.

त्याने सरांना आकडा पाठवला.

"नाव राहील," उत्तर आले.

दारात आई उभी होती.

"जुळलं का रे पौर्णिमाचं?"

"जुळलं."

"तू बाहेर गेला का वाजते ते टकटक. आज तू घरी असतानी वाजली. तीन हप्ते झाले."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"तू घरीच पाहात बसला असता. मोठा सायन्सवाला."

ती चौकट धरून तशीच राहिली. मग अगदी हळू म्हणाली,

"काम झालं ना आता तिचं? मंग उद्यापासून येणार नाई का ते?"

अनुपने चपला पायात सरकवल्या, आणि तिच्याकडे न पाहता तो रस्त्यावरच्या उन्हात चालू लागला.