डिकीवरच्या दोन थापा

ही गोष्ट खोटी निघाली असती तर सगळ्यात जास्त आनंद मलाच झाला असता. पण ती माझ्या सख्ख्या मामांची आहे.

डिसेंबर १९९७, म्हणजे मागच्याच वर्षी. रविवार, संध्याकाळचे सहा. बेंगळुरूजवळ होसकोटेतल्या एका बंद कारखान्याचं आवार.

रघुपतीमामा तिथे तीन वर्षं एकाच वेडाने झपाटले होते. मागून काही वेगाने आलं, की आपणहून पुढे सरकणारी गाडी बनवायची. आत ड्रायव्हर नसला तरी!

कारण नीरजामामी.

त्याच्या तीन वर्षं आधी होसकोटे रस्त्यावर त्यांची फियाट बंद पडली. मामीला गाडी चालवता येत नव्हती, म्हणून ती ढकलायला उतरली. लॉरीचे क्लीनर करतात तीच ह्यांचीही खूण. डिकीवर एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल.

मामीने दोन थापा मारल्या. गाडी सुरू झालीच नाही...

मागून लॉरी आली.

त्या रविवारी तीच फियाट दुरुस्त होऊन उभी होती. मागे मामांचं यंत्र बसवलेलं. इंजिन चालू, आत कुणी नाही. मदतनीस श्रीकांत मागून हातगाडी जोरात ढकलत आणणार होता.

"अण्णा, स्वल्प थांबा! चाक अडकलंय," तो लांबून ओरडला.

तेवढ्यात...

थप. थप.

डिकीवर.

मागे कुणीच नव्हतं. हातगाडी पन्नास पावलांवर होती.

आणि फियाट झटक्यात पुढे सुटली!

"चालली! नीरजा, चालली गं!" मामा रडत ओरडले.

मग लॉरीचा हॉर्न... अगदी जवळून. आवारात लॉरी नव्हती. फाटकाला कुलूप होतं.

ब्रेक करकचले... आणि बाईची किंकाळी. फियाट जिथून हलली होती, त्याच मोकळ्या जागेतून.

मामा त्या मोकळ्या जागेकडे वळले.

"श्रीकांता, मी गाडी वाचवली रे... ती मागेच राहिली."

फियाट थोडं पुढे जाऊन थांबली होती; श्रीकांतने लगेच यंत्राच्या तारा उपटल्या. हे सगळं मला त्यानेच सांगितलं. तो आवाज कुठून आला, हे त्यालाही ठाऊक नाही.

फियाट आता मल्लेश्वरमला, घरामागे उभी असते. बॅटरी काढलेली. रोज संध्याकाळी मामा तिच्यामागे जाऊन उभे राहतात, दोन्ही हात डिकीवर टेकून.

परवा मी म्हणालो, "मामा, चला ना, पानं वाढलीत."

"तू जेव. ह्या वेळी मी ढकलतोय," ते हळूच म्हणाले. "तिला आत बसवलंय."

मी काचेतून आत पाहिलं नाही.

अजूनही पाहत नाही.