उतरवून नेलेले

हिवरखेड मागे टाकून दमणी सातपुड्याच्या पायथ्याकडे निघाली, तेव्हा कौशल्याबाईंच्या पोटात सोमवारचा उपास होता आणि मांडीवर फोटोच्या काचांची पेटी. खड्डा आला की त्या पेटी पोटाशी धरत. समोर त्यांचे यजमान उत्तमराव कॅमेऱ्याची तिवई सांभाळत बसले होते. अमरावतीला, परकोटाच्या आत, त्यांचे फोटोचे दुकान होते. त्या साली वऱ्हाडात पाऊस झालाच नाही. शहरातल्या एका मदत मंडळाने त्यांना माळ्यांच्या वस्तीवर धाडले होते. फोटो पाहून लोक हात सैल सोडतील म्हणून. "बरगड्या दिसल्या पाहिजेत," चिटणिसांनी बजावले होते.

ते वाक्य कौशल्याबाईंना लागले, म्हणूनच त्या सोबत आल्या. विचारल्याशिवाय कुणाचा फोटो घ्यायचा नाही, बायकांना केस विंचरायला सवड द्यायची, कुणाला हात पसरायला लावायचे नाहीत, हे त्यांनी यजमानांकडून देवापुढे कबूल करून घेतले होते. वच्छलेला जाऊबाईंपाशी ठेवले होते. अंबादेवीच्या नवसाची एकुलती एक लेक. सारे उपास तिच्याचसाठी.

"नत्थुजी," त्यांनी गाडीवानाला विचारले, "फोटो काढू का, असं विचारलं तर कळेल ना त्यांना?"

"काढतेत ते इहिरीतून पानी, बाई. तेबी यंदा निघून नाई राह्यलं." नत्थुजीने बैलाची शेपटी पिरगाळली. "आमच्याइकडे फोटू उतरवतेत."

कौशल्याबाई हसल्या. ज्यांच्या दारात जायचे, त्यांचाच शब्द तोंडी असावा, हे त्यांना पटले.

वस्तीवर झेंडूच्या वाफ्यांत नुसत्या भेगा होत्या. विहिरीच्या काठावर मोट वाळून कडक झाली होती. पहिल्याच ओसरीत बाजेवर एक पोर पडली होती, वच्छलेच्याच वयाची. नाव गंगू. अंगाची वाफ हातभरावरून लागत होती. आई माणिकबाई उशाशी बसून होती.

"माणिकबाई, पोरीचा फोटो उतरवू का? नको असेल तर नाही."

माणिकबाई त्यांच्याकडे पाहतच राहिली. "इचारून राह्यल्या तुमी?"

"हो."

"उतरवसान. मंग ठेवसान कुठी?"

"घरी नेऊ. जपून ठेवू."

"घरी? सोताच्या?"

"आमच्याच घरी. माझा शब्द आहे."

माणिकबाई उठली. मूठभर मीठ पोरीवरून ओवाळून तिने ते तिवईच्या पायाशी ठेवले. पोरीला दृष्ट लागू नये म्हणून असेल, असे कौशल्याबाईंना वाटले, आणि त्यांनीही हात जोडले.

मग सगळी वस्तीच आली. पाय सुजलेला म्हातारा आला, खोकणारी बाळंतीण आली. "मायाबी उतरवा, बाई." प्रत्येकाला त्यांनी विचारले आणि प्रत्येकाने मान डोलावली. सगळे ताठ बसले, कॅमेऱ्याच्या काचेत डोळे रोखून.

अमरावतीला उत्तमरावांनी छापे काढले आणि ते ओले कागद घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"हे सगळे आपल्याकडे तोंड करूनच बसले होते ना?"

कागदावर म्हाताऱ्याच्या पागोट्याचा सोगा होता. बाळंतिणीचा अंबाडा होता. बाजेवर उठून बसलेल्या गंगूची वेणी होती. चेहरा एकाचाही नव्हता.

"गंगू तर उठलीच नव्हती," कौशल्याबाई म्हणाल्या.

"पाठींचे फोटो पाहून मंडळ मला काय हार घालणार आहे?" उत्तमराव हसायला गेले, पण हसू आले नाही.

संध्याकाळी वच्छलेचे अंग तापले.

डॉक्टर आले, बाटल्या आल्या. ताप हलला नाही. पोरीचे ओठ फुटले, बोलणे थांबले. कौशल्याबाईंनी पाणीसुद्धा सोडले. देवीसमोर बसल्या की त्यांच्या डोळ्यांपुढे ते मुठीतले मीठच येई. एके सकाळी पोर जाऊबाईंच्या हवाली करून त्यांनी काचांची पेटी उचलली. उत्तमरावांनी अडवले नाही, तेही निघाले.

वस्तीवर गंगू दोरीवरच्या उड्या मारत होती.

दमणी दिसताच तिची दोरी थांबली आणि ती वळून पाठमोरी उभी राहिली. ओसरीतला म्हातारा वळला. विहिरीवरच्या बाया वळल्या. कुणी पळाले नाही, कुणी दार लावले नाही.

"माणिकबाई, तुमचं तुम्हाला परत द्यायला आले."

माणिकबाईची पाठ हलली नाही.

"माझी लेक जाते आहे हो."

"तुमी इचारूनच नेलं ना, बाई." आवाज रडवेला होता. "उतारा ठेवला का मांगं पाहू नये. आमाले बी लेकरं हायेत."

कौशल्याबाईंनी पेटी ओसरीशी खाली ठेवली. पेटी इथेच टाकून जाता आले असते. पण समोर गंगूची वेणी होती, उड्यांनी सुटत आलेली. त्यांनी पेटी पुन्हा उचलली.

पुढे तिवाट्यावर, जिथे लोक उतारे ठेवतात, त्यांनी दमणी थांबवली. पेटी पुरायला हाताने मातीही उकरली. तेवढ्यात रिकामे हंडे घेतलेल्या बाया त्या वाटेने येताना दिसल्या, कडेवर पोरे. कौशल्याबाई पेटी घेऊन परत गाडीत चढल्या.

"हे माझ्यावर येऊ दे, आई," त्या वाटभर पुटपुटत होत्या. "पोरीला सोड."

घरी जाऊबाई दारातच होत्या, हसऱ्या.

"उतरला हो ताप. दुपारीच उतरला."

कौशल्याबाई पेटीसकट आत धावल्या. वच्छला भिंतीकडे तोंड करून दूधभात खात बसली होती.

"वच्छे, बघ, आई आली."

पोरीने घास गिळला. मान वळली नाही.

"मांगं पाहू नये, बाई," ती म्हणाली.