चोवीस खिडक्यांचं घर

धाराशिवच्या बसस्थानकात चार्जिंगच्या फळीवर दोन अगदी सारखे काळे फोन शेजारी शेजारी पडले होते. तेरहून आलेल्या शिवकन्यानं घाईघाईत नेमका दुसऱ्याचा उचलला. रिक्षा निघाली आणि फोन वाजला.

“कुलदीप, न्याहारी केलीस का रे?” पलीकडून एका बाईचा मायाळू आवाज.

शिवकन्या गोंधळली. “हो... केली,” एवढंच कसंबसं म्हणाली आणि तिनं फोन ठेवून दिला.

दवाखान्याच्या फाटकापाशी ती उतरली, तर मागच्या रिक्षातून एक उंच तरुण उतरत होता. त्याच्या हातात तिचा फोन. तिला आपला फोन नेताना त्यानं पाहिलं होतं.

“माझ्या आईचा फोन आलता का?”

“न्याहारी केली का, विचारत होत्या. मी... हो म्हणाले.”

“खोटं बोललात की!” तो हसला. “मी तर अजून उपाशी हाय.”

तीही हसली. फोनांची अदलाबदल झाली. तो आता निघून जाईल असं तिला वाटलं, पण तो तिच्या पाठोपाठ आत आला. तामलवाडीचा कुलदीप त्याच दिवशी दवाखान्यात कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून रुजू होत होता. शिवकन्या तिथंच लॅबमध्ये रक्त तपासायची.

नोव्हेंबर सरत आला, तशी एस्तेर सिस्टरची नाताळची गडबड सुरू झाली. दवाखान्यातल्या या सगळ्यात जुन्या सिस्टर. दरवर्षी त्या व्हरांड्यात झाड सजवायच्या, सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या काढायच्या. ज्याला जे नाव येईल, त्यानं गुपचूप त्याचा सांता व्हायचं. यंदा कुलदीपनं चिठ्ठ्यांचं काम मोबाईलवर आणलं. भेटही फोनवरूनच पाठवायची, असं ठरलं.

“आमच्या लहानपणी घरी पुठ्ठ्याचं एक घर असायचं,” चहा पिता पिता सिस्टर म्हणाल्या. “चोवीस खिडक्यांचं. एक डिसेंबरपासून रोज एकच उघडायची. आत कधी चित्र, कधी गोळी. नाताळची वाट बघण्यात जी मजा होती ना...”

एक तारखेला सकाळी शिवकन्याच्या फोनवर एक लिंक आली. उघडली, तर पडद्यावर छोटंसं घर. चोवीस खिडक्या. पहिलीवर बोट ठेवलं आणि कानाशी मोराचा आवाज घुमला. खाली लिहिलं होतं – रामलिंगचं जंगल, सकाळचे सात.

मग रोजच. कधी येडशीच्या स्टेशनावर थांबलेली गाडी, कधी कोवळ्या ज्वारीतून सळसळणारा वारा. कधी सांताची लाल टोपी चढवलेल्या तिच्या मायक्रोस्कोपचं चित्र. नवव्या खिडकीत तेरणा नदीवरचं धुकं होतं... म्हणजे हा माणूस भल्या पहाटे तिच्या गावी जाऊन आला होता!

ती थेट कुलदीपच्या टेबलाशी गेली. “ही लिंक कोण पाठवतंय, शोधून द्या की. तुम्हाला तर सगळं येतं.”

“सांताचं नाव फोडायचं न्हाय. सिस्टरचा नियम हाय.” त्यानं मान वर केली नाही. कान मात्र लाल झाले होते.

तिनं ते पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून ती खिडकी बसमध्ये न उघडता लॅबमध्ये येऊन उघडू लागली. काचेपलीकडून तो बघत असायचा, म्हणून.

अशातच घरी पाहुणे यायचं ठरलं. पुण्यात नोकरी करणारा मुलगा, रविवारी बघायला येणार. शिवकन्यानं सुट्टी टाकली, तशी दवाखानाभर बातमी झाली.

पाहुणे आले, पोहे खाऊन गेले. माणसं चांगली होती. “काय कमी हाय त्या पोरात?” तिच्या वडिलांनी, महारुद्रबापूंनी विचारलं.

“कमी काहीच न्हाय, बापू. पण माझं मन न्हाय. नको म्हणून कळवा.”

बापूंनी पोह्यांच्या रिकाम्या बशा गोळा केल्या. मग म्हणाले, “बरं.”

त्या रविवारी एकविसावी खिडकी उघडली नाही. सोमवारी बाविसावीही नाही. शिवकन्या पुन्हा त्याच्या टेबलाशी.

“खिडकी उघडंना.”

“बंद केली असंल... ज्यानं कुणी केलं त्यानं.” तो कीबोर्डकडं बघत म्हणाला. “तुमचं जमलं म्हणं.”

“कोण म्हणतं? मी नको म्हणून सांगितलं.”

त्यानं झटकन वर पाहिलं. “का?”

“चार खिडक्या राहिल्यात म्हणून.”

एवढं बोलून ती लॅबमध्ये पळाली. पाच मिनिटांत फोन थरथरला. एकविसावी आणि बाविसावी, दोन्ही खिडक्या एकदम उघडल्या होत्या.

चोवीस तारखेला शेवटची. तिनं दार लोटून घेतलं, फोन कानाला लावला. आत त्याचाच आवाज होता, अडखळणारा. “शिवकन्या... मला तुमच्यासोबत राहायचंय. कायमचं. घाई न्हाय. पण... खरं सांगायला पाहिजे, म्हणून.”

तिनं ते तीनदा ऐकलं.

दुपारी सगळे व्हरांड्यात झाडाभोवती जमले. मेडिकलवाले विरुपाक्षकाका हसत तिच्याकडं आले. “शिवकन्या, तुझा सांता मी बरं का. बासरीची एक धून पाठवलीय बघ.”

ती चकित झाली. कुलदीपच्या शेजारी जाऊन हलक्या आवाजात म्हणाली, “म्हणजे माझं नाव तुम्हाला आलंच नव्हतं?”

“न्हाय. मला एस्तेर सिस्टर आल्या.”

“मग हे सगळं?”

“चिठ्ठीत आलं न्हाय... मग तुमचं नाव माझं मीच काढलं.”

तिकडं सिस्टर त्याची भेट पाहत होत्या – त्यांच्या हाताखाली शिकून दूर गेलेल्या नर्सेस एकेक करून फोनच्या पडद्यावर नाताळच्या शुभेच्छा देत होत्या. सिस्टरचे डोळे भरून आले. सगळे टाळ्या वाजवत होते. त्या गलक्यात शिवकन्या म्हणाली, “येत्या रविवारी तेरला या. आधी मी बापूंशी बोलते.”

“काय सांगाल त्यांना?”

तिनं सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

“मला आवडलेला मुलगा येणार हाय, म्हणून.”