खांद्याचं माप

टण्ण.

तो आवाज त्याने पहिल्यांदा ऐकला त्याला आता पुष्कळ वर्षं लोटली. पण अजूनही कुठे भांड्यावर भांडं आपटलं की त्याचा हात आपसूक खांद्याकडे जातो.

तेव्हा तो नुकताच लग्न करून बायकोच्या शिलाईच्या दुकानामागे राहायला आला होता. आधी तो तिथेच कापडाचे तागे पोचवायचा. सगळे त्याला गाडीवाला म्हणत आणि लग्नानंतरही म्हणत राहिले. बायकोचा पहिला नवरा कटिंग मास्तर. तापाचं निमित्त होऊन गेला. मागे उरला कोपऱ्यातला कॉम्प्युटर. गिऱ्हाइकाची मापं तक्त्यात भरायची, बटण दाबायचं, की मास्तरने लिहून ठेवलेल्या आज्ञा ओळीने चालत आणि कापायचा आराखडा छापून बाहेर येई. मॅक्रो म्हणायचे त्याला. माणूस गेला होता, पण दुकानातलं कापड अजून त्याच्याच सांगण्यावरून कापलं जात होतं.

त्या दुपारी गाडीवाला बटणांची खोकी घेऊन आत आला, तेव्हा तो आवाज झाला. बायको कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर बसली होती. आज्ञांमधली एक ओळ पिवळी झाली होती.

"काय झालं?"

"काही नाही. तुमच्या शर्टाचं काढत होते, अडकलं." तिने माउसचा बाण सरकवून ‘खांदा’ या नावावर नेला. शेजारी छोटी चौकट उमटली. एकोणीस. "चालू असताना आतलं काही दिसत नाही. थांबलं की दिसतं. या घडीला त्या नावात काय भरलंय, ते हे."

"माझा खांदा सतरा इंच आहे."

"तक्त्यात सतराच आहे. कापडही तेवढंच धरलंय. मध्येच एकोणीस होतात, कापड पुरत नाही, म्हणून ते थांबतं."

"आणि पुढे गेलं की?"

"आतलं पुसलं जातं. तुम्ही जेवून घ्या बघू."

काजं करणारी मावशी दाराशी बसली होती. तिने दाताने दोरा तोडला. "एकोणीस म्हणजे मास्तरांचे खांदे. दारातून तिरके शिरायचे बिचारे."

शर्ट शिवून आला तो जास्तीचं कापड घालून एकोणीसवरच कापलेला, ढगळ. शिवणी दंडावर उतरलेल्या.

"वाढत्या अंगाचा शिवलाय हो, गाडीवाले," मावशी म्हणाली. मशीनवरच्या सगळ्या पोरी हसल्या. तोही हसला आणि लोंबणाऱ्या बाह्या दुमडत राहिला.

पुढे त्याच्या लक्षात आलं की गावभरची मापं बिनबोभाट जातात, मॅक्रो अडतो तो त्याच्याच शर्टाला. आणि अडला की बायको हातातलं काम टाकून तिथे जाऊन बसते. किती तरी वेळ. बाण त्या नावावर, डोळे त्या चौकटीत. त्याच्याकडे तिने असं कधी पाहिलं नव्हतं. जिवंत माणूस असता तर गचांडी धरता आली असती. जो फक्त थांबलेल्या ओळीत सापडतो, त्याचं काय करायचं?

एकदा तो मागच्या दाराआड उभा राहिला. मशीन बंद होत्या. इस्त्रीच्या ओल्या वाफेचा वास होता. ती कॉम्प्युटरशी हळू बोलत होती.

"अहो… पुरे आता. सोडा ना…"

अहो. हा शब्द आपला आहे, असं तो समजत होता. रात्री तिने वाढलेलं ताट त्याने तसंच सारलं. "पोट बरं नाही," म्हणाला.

मग एका दुपारी ती कोट पोचवायला गेली आणि तो खुर्चीवर बसला. आपल्या मापांवर बटण दाबलं. टण्ण. एकोणीस. तिचं बघून बघून त्याला थोडं उमगलं होतं. त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, एकेक ओळ चालवत, दर ओळीला बाण नेऊन बघत. सतरा. सतरा. सतरा. मग एक मोकळी जागा आली. तिथे ओळच नव्हती, काही लिहिलेलंच नव्हतं. तिच्या पलीकडे एकोणीस.

त्याने हाताने सतरा भरले. चौकट सतरा दाखवू लागली. तो बघत राहिला. मॅक्रो थांबलेला होता, कुठलीच ओळ चालत नव्हती. तरी सतराचे अठरा झाले.

खडूचा वास आला. मागून एका खांद्याच्या टोकावर कुणीतरी अंगठा टेकवला. दुसरा अंगठा दुसऱ्या खांद्याच्या टोकाशी आला… आणि टोकाच्या थोडा पुढे जाऊन थांबला. माप घेताना घेतात तसा.

तो हलला नाही. भीतीपेक्षा चीड मोठी होती.

"मास्तर… ती आता माझी आहे."

अंगठे तसेच राहिले.

"एकोणीसच हवेत ना तुम्हा दोघांना? घ्या." त्याने तक्ता उघडला, आपल्या नावापुढचे सतरा खोडले, एकोणीस भरले, कापडही वाढवलं आणि जपून ठेवलं. बटण दाबलं. आवाज झाला नाही. आराखडा गुपचूप बाहेर आला. खांद्यांवरचे अंगठेही उठले. आता तिला तिथे बसायला कारणच उरलं नाही, या विचाराने तो कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी तिने त्याच्या शर्टाचा आराखडा काढायला घेतला.

"आज थांबलं नाही," ती म्हणाली.

"बरंच झालं की."

"तुम्ही हात लावलात?"

"एकोणीस भरले. तुला तेच बघत बसायचं असतं ना."

"मी ते खाली आणत होते," ती म्हणाली. "त्या पहिल्या शर्टानंतर दर वेळी. हातापाया पडून. अठराच्या खाली येऊ देत नव्हते ते… पण आत होतं तोवर पुसलं तरी जात होतं. तक्त्यात भरलेलं राहतं हो."

तो घाईने कॉम्प्युटरकडे वळला.

"सरळ उभे राहा."

ती टेप घेऊन त्याच्या मागे आली. समोरच्या आरशात तिचा चेहरा दिसत होता. एक अंगठा एका खांद्याच्या टोकाला, दुसरा दुसऱ्या. तिने माप घेतलं. टेप झटकला, पुन्हा घेतलं. त्याचं लक्ष आपल्या अंगातल्या शर्टाकडे गेलं. तोच तो पहिला, ढगळ शर्ट. दंडावर उतरणारी शिवण आज बरोबर हाडावर बसली होती.

"किती भरलं गं?" मावशीने विचारलं. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती.

बायकोने आरशातून त्याच्याकडे पाहिलं. पूर्वी कधीतरी मास्तरांकडे रोज पाहत असावी, तसं. मग टेपची गुंडाळी करून तिने ती टेबलावर ठेवली आणि दारातून बाहेर निघून गेली.