टेबलाच्या पायाला गाठ

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, पोरांनो. पुढे हसू फुटायचं नाही.

माझा एक दोस्त नेटवर्कवाला. थापा मारायचं काम आमच्या दोस्तीत माझ्याकडे, म्हणून त्यानं सांगितलेलं मी खरं मानतो.

त्याचे भावोजी गेले. ताई लेकीला घेऊन त्याच्याकडे राहायला आली. भावोजींचा लॅपटॉप होता कंपनीचा. मंगळवारी सकाळी कंपनीचा माणूस त्यांच्या घरी येऊन तो नेणार, आतलं सगळं पुसणार; तोवर तो तिथून हलवायचा नाही, अशी ताकीद. आणि आत होत्या भावोजींनी लेकीसाठी स्वतःच्या आवाजात भरलेल्या गोष्टी.

सोमवारी संध्याकाळी दोस्त भावोजींच्या बंद घरी गेला. गोष्टी उतरवायला वेळ लागणार, शेवटची बस तर सुटायला आलेली. म्हणून त्यानं आपल्या घरी बसून लॅपटॉप नेटवर्कवरून उठवायची सोय केली. चार्जर लावला, नेटची वायर जोडली. वायफायवर तो झोपेतून उठत नाही, वायरच लागते.

भावोजींची एक खोड होती. दिसेल ती वायर टेबलाच्या पायाला गाठ मारून ठेवायची.

"भावोजी, आतली तार तुटते हो!"

"तुटू दे की. फुकटचा मेव्हणा कशाला केलाय?"

तर सोमवारची रात्र. पावणेबारा. दोस्तानं आपल्या टेबलावरच्या संगणकावरून लॅपटॉपला उठायचा इशारा धाडला. ढिम्म. पुन्हा धाडला. ढिम्मच. लॅपटॉपचा नेटवर्कवरचा पत्ता बरोबर, तिकडचा राउटर चालू.

"ताई, उठतच नाहीये गं."

"बघ ना रे अजून एकदा. पोरगी त्यांचा आवाज विसरत चाललीय." एवढं बोलून ताई आत निजायला गेली. भाची पलीकडच्या खोलीत कधीच झोपलेली.

आपल्याकडची वायर तपासावी म्हणून त्यानं पक्कड काढायला पिशवीत हात घातला, आणि कपाळच बडवून घेतलं. तिकडे जोडलेली नेटची वायर पिशवीत! निघताना दिसेल ती वायर गुंडाळायची, पिशवीत टाकायची. हाताला लागलेली सवय. आता सकाळपर्यंत बसही नाही.

गेलं सगळं.

तेवढ्यात संगणकाचा पडदा उजळला.

तिकडचा लॅपटॉप जागा झाला होता.

वायरीशिवाय.

त्यानं माउसवरचा हात काढला. बाण हलतच राहिला. एक फोल्डर उघडलं. गोष्टी उतरू लागल्या... एकेक... सगळ्या.

मग तिकडचा कॅमेरा उघडला. अंधारी खोली. भावोजींची खुर्ची.

हळूहळू फिरत होती.

"भावोजी...?"

खुर्ची थांबली. रिकामी. तोंड इकडे.

पडदा विझला.

किती वेळ गेला, त्याला सांगता येत नाही. उठायला गेला तर पायात काहीतरी अडकलं. खाली वाकला...

पिशवीतली वायर बाहेर आली होती. त्याच्याच टेबलाच्या पायाला घट्ट गाठ मारलेली. आणि दुसरं टोक फरशीवरून सरळ गेलेलं...

भाचीच्या खोलीच्या दाराखालून, आत.