दारापेक्षा चार इंच रुंद

वडील गेले त्या हिवाळ्यात मी सवयीनं दोन कप काढायची आणि मग एक परत ठेवायची. हॉर्नकॅसल हे इंग्लंडच्या लिंकनशर परगण्यातलं छोटं गाव. दिवसभर कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांशी बोलणं व्हायचं, पण घरी आल्यावर स्वतःच्याच खोकल्यानं दचकायला व्हायचं. एकोणीसशे सहासष्ट साल, वय सव्वीस.

मार्चमध्ये पोस्टाच्या खिडकीत मी चिठ्ठी लावली, वडिलांची निळी गाडी विकायची आहे म्हणून. रविवारी दाराशी एक उंच माणूस आला, सायकल घेऊन. खांद्यावर पान्यांनी भरलेली पिशवी.

"मी नॉर्मन थॅकर. गाडी घ्यायला आलोय."

"मग एवढे पाने कशाला?"

"न्यायची नाहीये... खोलायचीय. इंजिन, ॲक्सल, चाकं, स्टिअरिंग, एवढंच हवंय. बाकीचे भाग कारखान्यातून पेट्यांत येतायत. दोघांपुरती गाडी बांधतोय मी."

"कुठे बांधणार?"

तो कानांपर्यंत लाल झाला. "तेच विचारायचं होतं. माझी भाड्याची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे..."

मी हसले. किती महिन्यांनी, कोण जाणे.

मग तो दर रविवारी आमच्या घरामागच्या शेडमध्ये येऊ लागला. नव्या गाडीचं फायबरग्लासचं कवच आलं, ते इतकं हलकं की आम्ही दोघांनीच एका कुशीवर कलंडवून दारातून आत नेलं. मी पाने हातात द्यायची.

"बाईसाहेब, अर्ध्या इंचाचा मागितला होता. हा पाऊण इंचाचा आहे."

"माझ्या हातात काय आहे ते बरं दिसतं तुम्हाला!"

"पाना बघत होतो..." तो गाडीखालून म्हणाला. "आधी पानाच."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते आता आठवत नाही. सोमवार ते शनिवार मात्र घर तसंच मुकं असायचं.

मे महिन्यात त्यानं सांगितलं, सप्टेंबरपासून कॉव्हेंट्रीत नोकरी लागली आहे. "गाडी झाली की तिच्यातूनच जाईन," असं तो अगदी आनंदानं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोजपट्टी घेऊन शेडमध्ये गेले. कवच दारापेक्षा चार इंच रुंद होतं. इंजिन आणि चाकं बसली की ते काही असं कलंडवता येणार नव्हतं. मी पट्टी गुंडाळली आणि दुकानात निघून गेले. त्याला काहीच सांगितलं नाही. चुकलंच माझं.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी हिरवी गाडी तयार झाली. त्यानं ती ढकलत दाराशी आणली. दोन्ही बाजूंनी विटांना टेकून ती थांबली.

"चार इंच," मी म्हटलं.

तो वळला. "तुला कसं माहीत?"

"मे महिन्यात मोजलं होतं."

"मे! आणि तू बोलली नाहीस?"

"गाडी बाहेर गेली असती आणि मग... रविवार संपले असते, नॉर्मन."

त्यानं बाह्या सरसावल्या. शेजाऱ्याकडून घण मागून आणला आणि दाराच्या बाजूची भिंत फोडायला लागला. संध्याकाळपर्यंत गाडी गल्लीत उभी होती.

"येतो पुढच्या रविवारी, भिंत बांधायला," एवढं बोलून तो गेला. मला वाटलं, माणूस चांगला आहे, जाता जाता चार शब्द बरे बोलला. तो आठवडा सरता सरेना. कापताना दोनदा कापड वाकडं गेलं.

रविवारी कॉव्हेंट्रीहून हिरवी गाडी येऊन गल्लीत थांबली. मागे सिमेंटची गोणी. त्यानं पाच विटा लावल्या आणि चहा मागितला. पुढच्या रविवारी चार. दोन दुपारांत इंजिन बसवणारा माणूस एकेक वीट हातात घेऊन पुसत बसायचा. नोव्हेंबर आला. शेडमध्ये पाचोळा शिरू लागला आणि भिंत अजून गुडघ्याएवढीच.

"अरे, या चालीनं दीड वर्ष जाईल!" मी म्हटलं.

"जाऊ दे." तो थापीनं उगाच सिमेंट सारखं करत होता. "भिंत झाली, तर यायला काय निमित्त सांगू?"

"काही नको सांगूस," मी म्हटलं. "नुसता ये..."

त्यानं थापी खाली ठेवली. त्या दिवशी त्यानं एकही वीट लावली नाही.